चव घ्यायचं काम

“चव घ्यायचं काम आमच्या या सरांकडे. त्याईले चालते.”

पर्यवेक्षक हे नव्या बाईंना सांगत होते. बाई त्याच दिवशी रुजू झाल्या होत्या आणि त्यांना शाळा दाखवणं चाललं होतं. प्रयोगशाळा झाली, वाचनालय झालं, मग मागचं शेड. शेडमध्ये खिचडीचा मोठा गंज नुकताच चुलीवरून खाली उतरवलेला. त्याच्याशेजारी मी, हातात चमचा घेऊन.

“चालते म्हणजे?” बाईंनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

“म्हंजे पचते वो मॅडम. आमचे पोटं नाजूक.”

सोबतचे दोघे शिक्षक हसले. बाई हसल्या, नवं माणूस हसतं तसं. मीही हसलो. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात मी शहाणा दिसेन अशी भीती वाटते. मी हसलो. गंजात चमचा घातला, फुंकर मारली, तोंडात टाकला आणि म्हणालो, छान आहे. खिचडी करणारी बाई बाजूलाच उभी होती. ती हसली नाही. पदरानं हात पुसत राहिली.

आमची शाळा तालुक्यात सगळ्यात मोठी. पाचवी ते बारावी, आणि एकेका वर्गाच्या अ पासून ज पर्यंत तुकड्या. शाळा सुटली की समोरच्या रस्त्यावर ऑटोवाल्यांना थांबून राहावं लागतं, इतकी पोरं. अ तुकडीत डॉक्टरांची, वकिलांची, कृषी केंद्रवाल्यांची, बागायतदारांची. आणि आम्हा शिक्षकांची. ग आणि ज मध्ये जानेफळकडून, पलीकडच्या खेड्यांतून सकाळच्या एसटीला लोंबकळत येणारी. भरती गुणांवर होते असं आम्ही सांगतो. नववीत आलेल्या पोराची तुकडी मी नुसते त्याचे पाय पाहून सांगू शकतो.

मधल्या सुट्टीत आठवीपर्यंतच्या पोरांना खिचडी असते. सगळ्यांसाठी असते. पण अ तुकडी डबा आणते आणि पंख्याखाली वर्गात बसून खाते. बाकीची पोरं ताट घेऊन शेडपाशी येतात. असं कोणी ठरवलं नाही. ठरवायची गरजच पडली नाही.

माझी पोरगीही अ मध्ये होती. तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, शेडकडं जाऊ नको, मैत्रिणींत बसून डबा खात जा. ती आता पुण्यात शिकते. तिला हे आठवत नसेल. मला आठवतं.

पोरांच्या ताटात पडायच्या आधी एका शिक्षकानं खिचडी खाऊन पाहायची, असा नियम. काही बरंवाईट असलं तर आधी मोठ्या माणसाला कळावं. पूर्वी पाळ्या होत्या, स्टाफरूमच्या भिंतीवर लावलेल्या. मग कौसाबाई आल्या. खिचडी करायला, हाताखाली दोघी घेऊन. त्याच आठवड्यात तेव्हाच्या हेडसरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तुम्ही विज्ञानाचे, तुमच्या जिभेवर आपला भरोसा आहे, हे काम कायमचं तुमच्याकडेच राहू द्या. मला मान वाटला. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, कौसाबाई म्हंजे स्टँडमागच्या वस्तीतल्या ना. मी म्हणालो, हो. ती भाजी निवडत राहिली. माझ्यापेक्षा तिला लवकर कळलं होतं.

आम्ही बौद्ध. कौसाबाईही. हे वाक्य मी या शाळेत कधी मोठ्यानं बोललो नाही. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. त्यावर आमचं बरं चाललं होतं. एका टेबलावर चहा पीत होतो. त्यांच्या पोरांच्या लग्नांत मी पुढच्या पंगतीत जेवलो. फक्त माझा डबा उघडला की स्टाफरूममध्ये उपवास सुरू व्हायचे. कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाची संकष्टी, आणि काहीच नसलं तर डॉक्टरनं तेलकट बंद केलेलं. इतके उपवास देवानंही कुणाकडे मागितले नसतील. मी डबा खिडकीकडं तोंड करून खायला लागलो. तिकडं उजेड बरा असतो, असं मी स्वतःला सांगत असे.

एकदा तापानं चार दिवस घरी होतो. परत आलो तर माझ्या वर्गातली पोरं तासाआधी एक खेळ खेळत होती. एक जण पट्टी चमच्यासारखी धरून नाकापर्यंत न्यायचा, तोंड वाकडं करायचा आणि काहीतरी मागं फेकल्यासारखं करायचा. बाकीचे एका सुरात म्हणायचे, वाढा. आणि हसून लोळायचे. मी विचारलं, हे काय आहे. एका पोरीनं सांगितलं, सर, तुमी नव्हते ना, तं पर्यवेक्षक सर असे चव घेत होते. तोंडाजवळ नेत आन् नालीत टाकत.

खेळणारी ती पोरं रोज तीच खिचडी खाणारी होती. आपण जे जेवतो ते मोठी माणसं नालीत टाकतात, हे त्यांना कळलं होतं आणि त्यांनी त्याचा खेळ केला होता.

मी काय केलं? मी म्हणालो, गप्प बसा, पाठ सातवा काढा.

कौसाबाई सुरुवातीला मला भाऊ म्हणायच्या. वस्तीत म्हणतात तसं, सहज. एक दिवस दोन शिक्षक जवळ उभे असताना त्यांनी हाक मारली, भाऊ, मीठ पाहून घ्या. मी हळूच त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, शाळेत सर म्हणत जा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “हाव सर,” म्हणाल्या. पुन्हा कधी चुकल्या नाहीत. वस्तीत भेटल्या तरी सर. आमच्या घरी बारशाला आल्या तेव्हाही सर.

आता यंदाचं सांगतो.

सहावी अ मधली एक पोरगी डबा विसरून आली. तिच्या बापाचं मोठं कृषी केंद्र, शिवाय तो शाळा समितीवर. पोरगी भुकेनं शेडपाशी आली, कुणाचं तरी ताट घेतलं आणि खिचडी खाल्ली. पुन्हा घेतली. कौसाबाई लसणाची फोडणी वरून देतात, आणि त्या दिवशी मटकी होती. दुसऱ्या दिवशी त्या पोरीनं डबा उघडलाच नाही. मैत्रिणींना घेऊन आली. आठवडा संपायच्या आत अर्धी अ तुकडी ताटं घेऊन ओळीत उभी राहायला लागली. ग तुकडीची पोरं त्यांना चिडवत, काय बे, तुमच्या घरी स्वयंपाक नाही होत काय. आणि सरकून जागा देत.

मी ते पाहत होतो. मला बरं वाटत होतं. मी मूर्ख होतो.

त्या पोरीची आई हेडसरांकडं आली. मी सही घ्यायला केबिनमध्ये गेलेलो. आताचे हेडसर माझ्याच वयाचे, सोबत नोकरीला लागलेले. बाई चांगल्या घरच्या, आवाज खालचा. स्वच्छतेचं बोलत होत्या, पाण्याचं बोलत होत्या, पोरीचं पोट कसं हळवं आहे ते सांगत होत्या. मला पाहून थांबल्या. मग म्हणाल्या, “सर, तुम्हीच सांगा, आमच्या घरी हे चालत नाही.” मी विचारलं, काय चालत नाही? त्या हेडसरांकडं पाहायला लागल्या. हेडसर टेबलावरच्या काचेकडं पाहायला लागले. बाई उठून गेल्या.

दुपारी मला परत बोलावलं. हेडसर आणि पर्यवेक्षक, दोघंच. दार लावलेलं. चहा सांगितला. हेडसर म्हणाले, समितीचं म्हणणं आहे की कौसाबाईला काढायचं, दुसरी बाई पाहून ठेवली आहे. पण कारण पाहिजे. तक्रार पाहिजे. मी म्हणालो, तक्रार ज्यांची आहे त्यांनी द्यावी. हेडसर खुर्ची पुढं ओढून बसले. दोस्ताच्या आवाजात बोलले.

“पाहा सर. आमी लिहिलं तं ते जातीचं होते. तुमी लिहिलं तं ते स्वच्छतेचं होते. रोज चव घेनारे तुमीच. तुमच्यावर कोन बोट ठेवीन?”

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. हा माणूस वाईट म्हणून बोलत नव्हता. त्याला हे साधं, सोयीचं वाटत होतं. इतकी वर्षं मी जो चमचा तोंडात घातला, त्यानं त्यांचं सगळ्यांचं तोंड स्वच्छ राहिलं होतं. आणि आता त्याच चमच्यानं कौसाबाईला हाकलायचं होतं. माझ्या हातानं.

आणि मी काय केलं? मी कागद घेतला. हो, घेतला. पेन उघडलं. ‘मी खाली सही करणार’ असं लिहिलं. शाळेचं नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं, तेही मी पाहिलं. मान खाली घालून लिहायची सवय अशी असते, हात आपोआप चालतो. मी हे त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

पर्यवेक्षक सांगायला लागले. “लिहा, तांदूळ निवडत नाही. लिहा, खिचडीत आळ्या निघाल्या.”

मी हात थांबवला. त्या सकाळी मी खिचडी खाल्ली होती. कालही. रोजच. कौसाबाई तांदूळ दोनदा पाखडतात आणि तिसऱ्यांदा उन्हात पसरून पाहतात, हे माझ्या डोळ्यांसमोरचं.

मी विचारलं, “म्हंजे मी आळ्या खाल्ल्या?”

पर्यवेक्षक म्हणाले, “बारीक असतात वो. तुमाले दिसल्या नसतीन.”

चहा आला. शिपाई कप ठेवून बाहेर गेला. मी माझ्यासमोरच्या कागदाकडं पाहिलं. पुढं एकच ओळ लिहायची होती. ती लिहिली असती की मी रोज आळ्या खाणारा आणि तरी छान आहे म्हणणारा माणूस झालो असतो. माझ्याच सहीनं. त्यांना ते खरं वाटलं असतं, हे जास्त लागलं. की याला काय, याला चालते.

मी कागद घडी करून खिशात घातला. म्हणालो, “मी लिहीत नाही. आन् उद्यापासून चवही घेत नाही.”

“मंग कोन घेईन?”

“तुमी. उद्या तुमी घ्या.”

दुसऱ्या दिवशी मी शेडपाशी गेलो आणि नुसता उभा राहिलो. मधल्या सुट्टीची घंटा झाली. ओळी लागल्या. कौसाबाईंनी गंजावरचं झाकण सरकवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी हात बांधून घेतले. त्यांना आदल्या दिवशीचं मी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. मी माझ्याच तोऱ्यात होतो. म्हणालो, आज हेडसर चव घेतील, तोवर वाढू नका.

पोरं थांबली. थोडा वेळ थांबली, मग ताटं वाजवायला लागली. मी स्टाफरूमच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं, खिचडी तयार आहे, तुमच्यापैकी कोणी एकानं चव घ्यायची आहे, पोरं उपाशी आहेत. एकाचा गुरुवार निघाला. एकाला फोन आला. नव्या बाई उठायला लागल्या, शेजारच्या बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्या बसल्या.

शेडपाशी परत आलो तेव्हा कौसाबाई चिडल्या होत्या. “सर, लेकरं उपाशी हायेत. तुमचं काय ते मंग पाहा. आधी वाढू द्या.” बरोबर बोलत होत्या. माझ्यात आणि त्या ताटांत फक्त एका घासाचं अंतर होतं. मी कधीही चमचा उचलून ते संपवू शकलो असतो. पाचवीतलं एक पोरगं ताट डोक्यावर धरून उन्हात उभं होतं आणि माझ्याकडं पाहत होतं. त्याच्या भुकेवर मी माझं भांडण भांडत होतो. हे मी विसरलेलो नाही, आणि ते बरोबर होतं असं म्हणायची माझी हिंमत नाही.

ताटांचा आवाज वाढला. अ तुकडीची पोरं वरच्या गॅलरीत आली. समोरच्या दुकानांतली माणसं गेटशी आली. तेव्हा हेडसर आले. भराभर चालत, मागं पर्यवेक्षक. माझ्याकडं न पाहता त्यांनी चमचा घेतला, गंजाच्या कडेची थोडी खिचडी उचलली आणि ओठाला लावली. रुमाल काढला.

“चांगली हाये. वाढा.”

मी म्हणालो, “सर, गिळा.”

मी ओरडलो नाही. माझा आवाज तसाही मोठा नाही. पण पुढच्या ओळींत ताटं वाजायची थांबली, मग मागच्या ओळींत. हेडसरांनी माझ्याकडं पाहिलं. आम्ही एकाच महिन्यात नोकरीला लागलेलो. मी पुन्हा म्हणालो, “पोरं पाहून राह्यली. गिळा.”

त्यांनी चमचा तोंडात घातला. गिळलं. गळ्याची घाटी वरखाली झाली. मग चमचा ठेवला, नळाकडं गेले आणि चूळ भरली. एकदा नाही. खळखळून, घसा साफ करून, पुन्हा पुन्हा. सगळ्या शाळेनं पाहिलं. सगळ्यांच्या हातात ताटं होती.

कौसाबाईंनीही पाहिलं. त्यांनी पळी उचलली आणि वाढायला सुरुवात केली. त्या दिवशी अ तुकडीची पोरं खाली उतरली नाहीत. एकटी ती कृषी केंद्रवाल्यांची पोरगी आली. जेवली, ताट धुतलं आणि गेली.

सगळं आवरल्यावर मी कौसाबाईंपाशी गेलो. मला वाटत होतं त्या काहीतरी बरं बोलतील. माझ्यासारख्या माणसाला आयुष्यात एकदा धीर केला की लगेच पावती हवी असते. त्या गंज घासत होत्या. घासता घासता बोलल्या.

“मले अंदाज होता सर. इतके वर्स होता. पन अंदाजावर मानूस जगते. तुमी मले डोयानं दाखवलं. काऊन दाखवलं?”

मी त्यांना विचारून काही केलं नव्हतं. जसं हेडसरांनी मला न विचारता माझी सही गृहीत धरली, तसंच मी त्यांचं काम, त्यांची चूल, त्यांचा अपमान गृहीत धरला. तेव्हा मग मी त्यांना सगळं सांगितलं. तक्रार, आळ्या, दुसरी बाई, आणि तो अर्धा लिहिलेला कागद. खिशातून काढून दाखवला. त्यांना वाचता येतं. त्यांनी वाचला. ओल्या हातानं माझ्याकडं परत दिला आणि म्हणाल्या, “मंग आता तोंड बंद नका करू. आता तं सगळंच उघडं हाये.”

तेव्हापासून मला नोटीस आली आहे. विद्यार्थ्यांना आहारापासून वंचित ठेवल्याबद्दल खुलासा मागितला आहे. तो मागायला हवाच होता, पोरं माझ्यामुळं उन्हात उभी राहिली. तेवढं मी कबूल करणार आहे. कौसाबाईंचा विषय समितीसमोर ठेवला आहे. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. नव्या बाई येता जाता नमस्कार करतात, कोणी नसेल तेव्हा. हेडसर माझ्याशी साहेबांच्या भाषेत बोलतात. वस्तीतले काही जण म्हणतात, सर, रिटायरमेंट जवळ आली, आताच काऊन? उशीर झाला, एवढंच खरं आहे. उशीर झाला म्हणून आणखी उशीर करायचा, हे मात्र मला आता जमत नाही.

खुलाशात मी सगळं लिहिलं आहे. माझी जात लिहिली. कौसाबाईंची त्यांना विचारून लिहिली. कोण चव घेत नव्हतं आणि का घेत नव्हतं, ते लिहिलं. मी गप्प का होतो, तेही लिहिलं. खोडाखोड बरीच झाली आहे. तशीच ठेवली.

समितीची बैठक आहे त्या दिवशी मी रजा टाकणार नाही. बोलावलं नाही तरी जाणार. कौसाबाई येणार आहेत, त्यांनी सांगितलं आहे. समितीला कौसाबाईंच्या हातचं नको असेल तर नको म्हणावं. पाण्याचं कारण सांगू नये, पोटाचं सांगू नये, आळ्यांचं तर नाहीच. कौसाबाईंकडं पाहून, त्यांच्या तोंडावर, खरं कारण बोलावं आणि खाली स्वतःचं नाव लिहावं. माझं नाव त्यांना मिळणार नाही.